उलट्या तोंडाची डिश

घाटकोपरला आईबाबांच्या सोसायटीच्या गच्चीवर ढीगभर डिश आहेत आणि त्या सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत, मानखुर्द-देवनारकडे. शाळेत प्रार्थनेला उभं केल्यासारखी. एकच डिश त्यांच्याकडे पाठ करून उभी असते. सहा फुटी, जाळीची, लोखंडी पायावर, आणि वाऱ्याने हलू नये म्हणून त्या पायाला सिमेंटचे ठोकळे आणि एक बिघडलेला मिक्सर बांधलेला. ती आमची. इमारत चार मजली, लिफ्ट नाही. या डिशपायी मी आजवर जेवढे जिने चढलेय, तेवढ्यात दोन-चार गड तरी सहज पाहून झाले असते.

ही डिश ओमान देशाचं सरकारी चॅनेल पकडते. तेही फुकट. कार्ड नाही, महिन्याचं रिचार्ज नाही, कुणाला नाव-पत्ता सांगायचा नाही. ओमानने ते आपल्या लोकांसाठी आकाशात सोडलेलं आहे आणि त्याची कड कशीबशी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत पोचते. कड म्हणजे अगदीच काठ, म्हणून एवढी मोठी परात लागते. लोक म्हणतात, फुकट ते पौष्टिक. त्या लोकांनी एक पावसाळा आमच्या घरी काढून दाखवावा.

बाबा मूळचे मालवणकडचे. परळला गिरणीत होते. संप झाला, गिरणीचं दार पुन्हा त्यांच्यासाठी उघडलं नाही. दोनेक वर्षं इकडेतिकडे हातपाय मारून झाल्यावर ते एसी दुरुस्त करायला शिकले आणि मस्कतला गेले. जाताना म्हणाले, दोन वर्षांत येतो. राहिले पंचवीस वर्षं. मधून मधून सुट्टीवर यायचे, दीड-दोन महिने राहायचे, सेंटची बाटली आणि खजुरांचे डबे वाटून परत जायचे. मी अशाच एका सुट्टीची देणगी आहे. साठी झाली तेव्हा तिथल्या नियमाप्रमाणे व्हिसा वाढला नाही आणि बाबा कायमचे घरी आले. आईने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या. मीही मुलुंडहून रजा टाकून गेले होते. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं.

आल्यावर पहिले काही महिने ते नुसते बसून असत. मग मानखुर्दचा एक डिशवाला त्यांना कुठून तरी सापडला. गल्फमधून परत आलेल्या लोकांच्या घरी तो अशा मोठ्या डिश लावून देत असे. एका दुपारी टेम्पोतून ती परात आली. आईला वाटलं, मांडववाला चुकून आमच्याकडे आलाय. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पांढरे डगले घातलेले दोन गृहस्थ अरबीत मासळीच्या भावावर बोलत होते, आणि बाबांच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा रंग आला होता.

तेव्हापासून बाबा घाटकोपरला जेवतात, झोपतात, आणि राहतात मस्कतला. त्यांचं मनगटी घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. ते त्यांनी कधी बदललंच नाही. इथे रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलेलं असतं आणि बाबा हॉलमधून ओरडून सांगतात, "मस्कताक आज चव्वेचाळीस!" मी म्हणते, "बाबा, खाली रिक्षा तरंगतायत." ते म्हणतात, "हुमिडिटी पण असा." मला टीव्ही खिडकीतून खाली टाकावासा वाटतो, पण खाली पार्किंग आहे.

गंमत म्हणजे बातम्यांचं अरबी त्यांना निम्मंसुद्धा कळत नाही. ते शिकले ते कामावरचं अरबी. चला म्हणायला यल्ला, संपलं म्हणायला खलास, उद्या म्हणायला बुकरा, आणि माफी मुश्किल. माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही, आणि हे शब्द बाबा नेमके अडचण आली की वापरतात. बातमीदार तावातावाने काहीतरी सांगत असतो. आई विचारते, "काय म्हणता तो?" बाबा थोडा वेळ ऐकतात आणि म्हणतात, "बंदरार काम चल्लाहा." रोज बंदरावरच काम चाललेलं असतं. उंटांच्या शर्यतीचं मात्र त्यांना सगळं कळतं. ते सांगून सांगून आता आईलाही कळायला लागलंय. एकदा मी दार उघडून आत आले तर ही बाई कमरेवर हात ठेवून उंटाला शिव्या घालत होती.

आईचं दुखणं वेगळं होतं. पंचवीस वर्षं तिने दुपारी साडेबाराला एकटीने जेवण केलं. बाबा आले आणि त्यांच्या पोटाचं घड्याळही दीड तास मागेच राहिलं. चॅनेलवर दुपारची अजान होते ती आपल्याकडच्या पावणेदोनच्या सुमाराला. बाबा आवाज बारीक करतात, कारण शेजारपाजार. पण तो बारीक आवाज स्वयंपाकघरात आईला बरोबर ऐकू येतो आणि ती पानं घेते. मग बाबा टीव्हीकडे बघत जेवतात आणि आई बाबांकडे बघत.

"माका आणखी काय एक नको गो," ती एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली. "जेवताना माझ्या तोंडाकडे बघणारो घोव होयो. इतक्याच."

मी म्हटलं, "सांग ना मग त्यांना."

"काय सांगू? तुझे बाबा इले की नुसती तेंची बॅग इली, ता माका अजून कळूक नाय."

एवढं बोलून तिने नळ मोठा सोडला. तिच्या मनात जे होतं ते एवढंच होतं, आणि ते मला दर रविवारी मुलुंडला परत जाताना आठवायचं. त्या माणसाला इथे यायचं होतं का, की तिथे राहू दिलं नाही म्हणून तो आलाय? हे ती त्यांना विचारत नव्हती आणि ते सांगत नव्हते. दोघांच्या मधे टीव्ही चालू असायचा.

माझं दुखणं जिन्यांचं. सिग्नल गेला की बाबा मला फोन करायचे. पावसाळ्यात ढग आले की चित्राचे चौकोन व्हायचे. संक्रांतीला डिशच्या जाळीत मांजा अडकायचा. कबुतरांना तर आख्ख्या गच्चीवर बसायला दुसरी जागाच नव्हती. ती काठावर बसली की डिश बोटभर सरकायची, आणि बोटभर सरकली की ओमान गेलं. बोटभर पुरतं. तो डिशवाला मानखुर्दहून "आलोच" म्हणायचा आणि दोन दिवसांनी यायचा. त्यामुळे मी गच्चीवर डिश धरून, बाबा खाली टीव्हीसमोर, आणि मधे फोन.

"हळूच उजवीक घे. आणखी. आणखी. इलो! इलो!... गेलो. अगो, होती थंयच ठेव!"

"कुठे होती?"

"थंयच."

असे संवाद करत मी कितीतरी रविवार काढलेत. माझ्या मैत्रिणी रविवारी नाटकाला जायच्या.

मधेच एकदा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. हातात काही नाही, पण चेहरा नोटीस आणल्यासारखा.

"काका, ते चॅनेल पाकिस्तानचं आहे ना?"

"ओमान," बाबा म्हणाले.

"म्हणजे तेच ना. बॉर्डरच्या पलीकडचं."

"पलीकडे समुद्र आहे हो. पाणी."

"पाण्यातपण बॉर्डर असतेच ना, काका."

माणूस चुकीचा असला तरी वाक्य बरोबर होतं. सेक्रेटरी म्हणाले, डिशमुळे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धोका आहे, आणि कम्प्लेंट आलेली आहे. मी विचारलं, कुणाची? त्यांनी आईकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाले, नाव सांगता येत नाही. मी त्यांच्याशी तासभर भांडले. वॉटरप्रूफिंगचं काय ते काम आम्ही करून देऊ म्हटलं, बाकीच्यांच्या डिश काय हवेत उभ्या आहेत का म्हटलं. आईने मात्र सेक्रेटरींना चहा दोनदा दिला.

जिन्यांना कंटाळून शेवटी मी स्मार्ट टीव्ही घेतला. तेच चॅनेल इंटरनेटवर दिसतं, तेही फुकटच, कबुतरांचा संबंध नाही. मी फार खूश होते. लावून दिलं, चित्र आरशासारखं स्वच्छ. बाबा बघत राहिले. बातम्या झाल्या, हवामान झालं. मग ओमानच्या फुटबॉल टीमची मॅच लागायची वेळ झाली आणि पडदा काळा होऊन त्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हणता?" बाबांनी विचारलं.

"हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही."

"तेंका कसा कळला मी खय बसलंय ता?"

मी त्यांना समजावलं, की इंटरनेटला आपला पत्ता कळतो, मॅचचे हक्क देशादेशांप्रमाणे विकले जातात, वगैरे. ते सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी रिमोट प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये परत घातला, टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "डिशीन कधी इचारल्यान नाय, तू खयचो म्हणान. आभाळातसून पडता ता सगळ्यांच्या छपरार पडता."

"बाबा, एक मॅच दिसली नाही फक्त!"

"माफी मुश्किल," ते म्हणाले, आणि डिशची वायर नव्या टीव्हीला जोडून घेतली. म्हणजे टीव्ही स्मार्ट आणि जिने तेच. त्या दिवशी मी मुलुंडला गेले ती आठवडाभर फोन केला नाही. आजही मला वाटतं, मी केलं ते बरोबरच होतं. एवढा हट्टीपणा कुणी खपवून घ्यावा?

आणि मग पश्चिमेला टॉवर आला. आमच्या गच्चीच्या त्या बाजूला जुन्या तीन मजली इमारती होत्या, त्या रिडेव्हलपमेंटला गेल्या. पत्रे लागले, खड्डा झाला, खड्ड्यातून सळया वर आल्या. बाकी सगळी सोसायटी धुळीसाठी बोंबलत होती. बाबा रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन मजले बघायचे. डिशवाल्याने येऊन, एक डोळा मिटून, हात लांब करून हिशेब केला आणि म्हणाला, अजून काही महिने चालेल, मग कठीण आहे. बाबांनी त्याला विचारलं, बिल्डरला अर्ज केला तर? मी कपाळाला हात लावला. या शहरात लोकांचा सूर्य गेला, वारा गेला, समोरचा डोंगर गेला, कुणी थांबवू शकलं नाही. आणि हे ओमानसाठी अर्ज करणार.

शेवटी एका दुपारी मासळीबाजाराचं दृश्य चालू असताना चित्राचे चौकोन झाले, चौकोन गोठले, आणि पडद्यावर फक्त सिग्नल नाही एवढीच पाटी राहिली. ढग नव्हते. कबुतरं नव्हती. डिशवाला या वेळी त्याच दिवशी आला. गच्चीवर उभा राहून त्याने समोरच्या सिमेंटकडे बोट दाखवलं.

"काका, वाट लागली. ह्याच्यातून काय पण येत नाय."

बाबांनी मान डोलावली. खाली येऊन टीव्ही बंद केला. मी स्मार्ट टीव्हीवरचं चॅनेल लावून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. रागावून नाही, साधंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ दीड तास पुढे करून घेतलं. ते आईने मला फोनवर सांगितलं आणि तिचा आवाज एवढा हलका मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

तिला हवं होतं ते मिळालं. साडेबाराला दोघं समोरासमोर जेवायला बसू लागली. तिने त्यांच्या आवडीचं सगळं करायला घेतलं. बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर बसले. आई म्हणाली, आज सुरमई चांगली होती पण कोळीण ऐकेचना. बाबा म्हणाले, हं. आई म्हणाली, तळमजल्यावरच्यांची सून बाळंत झाली. बाबा म्हणाले, बरा झाला. मग पंखा फिरत राहिला. सोलकढी घेताना बाबांनी तिच्याकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि दोघांनी एकदमच ताटात बघितलं. अनोळखी माणसाच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसावं, तसं ते होतं. मीच आपली ऑफिसातल्या गोष्टी सांगत सुटले.

त्यानंतर काही आठवड्यांनी भर दुपारी आईचा ऑफिसात फोन आला. संध्याकाळी ये म्हणाली, कारण सांगेना. मी घाबरून गेले. तिने मला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"तेंका तो टीव्ही परत लावन दी."

माझा आवाजच चढला. "आई! बारा वर्षं तूच डोकं खाल्लंस ना माझं? तोंडाकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघत नाहीत! आता बघतायत ना?"

"बघतत," ती म्हणाली. "दिवसभर बघतत. मीपण बघतंय. आणि करूचा काय?" मग ती ओट्याला टेकली. "ता चालू होता तेव्हा मी इचारी, काय म्हणता तो? मगे ते बोलत. खरा बोलत, खोटा बोलत, पण बोलत. आता काय इचारू? माका ठावकच नाय गो काय इचारूचा ता. आमी दोघां एकामेकांक वळखणव नाय."

चिडायला माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी सेक्रेटरींकडे गेले.

डिशवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या विंगच्या गच्चीवरून काही होणार नाही, पण सी विंगच्या टोकाला, टॉवर आणि त्याच्या शेजारच्या इमारतीच्या मधे एक फट आहे. तिथून मिळाला तर मिळेल. सी विंगच्या गच्चीची परवानगी म्हणजे कमिटी, आणि कमिटी म्हणजे सेक्रेटरी. मी त्यांच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"अहो ताई, एकदा काय ते ठरवा ना तुम्ही लोक! तेव्हा तुमच्या आईच आमच्या घरी येऊन सांगून गेल्या होत्या, ती डिश काहीतरी करून काढायला लावा म्हणून. मी उगाच काकांशी वाईट झालो, तुम्ही मला एवढं बोललात. आणि आता म्हणता, लावायची?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. ज्या तक्रारदाराच्या नावाने मी तासभर ओरडले होते, ती त्या वेळी माझ्या शेजारी उभी राहून चहात साखर ढवळत होती! घरी येऊन आईला विचारलं तर तिने तोंड वाकडंही केलं नाही. पदर खोचला आणि स्वतःच निघाली. आमचे मजले उतरली, सी विंगचे चढली, धापा टाकत सेक्रेटरींच्या दारात उभी राहिली.

"तेव्हा मीच सांगितलं होतं, भाऊ. आता पण मीच सांगते. लावू द्या."

"मावशी, पण वॉटरप्रूफिंग..."

"तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, वॉटरप्रूफिंगचं नाव सांगू या, म्हणजे काकांना वाईट वाटणार नाही."

सेक्रेटरींनी परवानगी दिली.

डिश हलवायचा तो दिवस मी विसरणार नाही. ती परात जिन्यातून वळेना. ती खालून न्यावी की दोरीने वरून, यावर गच्चीवर सभा भरली. जे लोक बारा वर्षं त्या डिशला नावं ठेवत होते तेच आता "तिरकी घ्या, तिरकी घ्या" म्हणून सल्ले देत होते. बाबा या कशातच नव्हते. ते हात मागे बांधून उभे होते. कुणी सांगितलं हे करायला, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, आईने. ते चालत गेले आणि त्यांनी डिशची दुसरी बाजू धरली.

चित्र आलं. पूर्वीइतकं चांगलं नाही, मधूनच अडखळतं. वायर दोन विंगांच्या मधून लोंबकळते आणि त्यावर आता कुणीतरी टॉवेल वाळत घालतं. मी केसात सिमेंटची धूळ घेऊन दारात उभी होते. मनात म्हणत होते, आता पाणी तरी विचारतील. कुणी विचारलं नाही. आईने जेवणाची खुर्ची ओढत ओढत हॉलमध्ये नेली आणि बाबांच्या शेजारी, टीव्हीकडे तोंड करून मांडली. ती बसली. पडद्यावर मस्कतचा जुना किनारा होता, मत्राचा. होड्या, मागे डोंगर, मधे पांढऱ्या इमारती.

"ह्या खय?" आईने विचारलं.

"मत्रा." बाबा पुढे वाकले. "तो मागचो हाटेल दिसता? जुनो. तेच्या गच्चीर मी एसीचा काम करी होतंय, तार इली तेव्हा."

"खयची तार?"

बाबांनी न वळता अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. "हिची."

मी मालवणात झाले, आईच्या माहेरी. मामाने मुलगी झाल्याची तार केली होती, एवढं मला माहीत होतं. त्या तारेचं पुढे काय झालं हे आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. आई पडद्याकडेच बघत होती.

"तुमचा उत्तर इला नाय," ती म्हणाली. "मी वाट बघलंय. माका वाटला, चेडू झाला म्हणान गप रवलात."

आता बाबा वळले. पडद्यावर होड्या चालल्या होत्या आणि ते तिच्याकडे बघत होते. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चेडू म्हणान?" ते म्हणाले. "अगो, खजूर वाटलंय मी सगळ्या कामगारांका. तार करूक म्हणान हापिसात गेलंय. तो कारकून म्हणालो, इंग्लिशीत सांग काय लिवचा ता. माका येय ना. सगळे उभे होते मागे. लाज वाटली, भायर इलंय."

मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. माझं सगळं आयुष्य या बाईने एक गोष्ट मनात धरून काढलं, आणि या माणसाला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. एक प्रश्न. एकच प्रश्न विचारायचा होता यांना! पत्रं जात होती, पुढे फोन आले, दर दोन वर्षांनी माणूस समोर येऊन बसत होता. माझे डोळे भरून आले होते आणि मला प्रचंड राग आला होता, आणि तो नक्की कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

आईने डोळे पुसले नाहीत. तिचा आवाज तसाच राहिला, बाजारात भाव विचारावा तसा.

"मगे आता सांगा. काय लिवतलात?"

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"येतंय म्हणान लिवलं असतंय."

"कंपनीन सोडल्यान असता तुमका?"

"नाय," बाबा म्हणाले. "पण लिवलं असतंय."